तिसरा पेड

आमच्या घरात लायब्ररी आहे, पण तिच्यात पुस्तक एकही नाही. नागपूरच्या नातेवाइकांना हे समजावून सांगताना मला फार मजा येते. इकडे भोपाळात लायब्ररी म्हणजे टेबल, खुर्ची, दिवा, पंखा, वायफाय आणि शांतता. पुस्तकं मुली आपापली घेऊन येतात. पोलीस भरती, पटवारी, पीएससी, बँक, कसली ना कसली परीक्षा प्रत्येकीच्या मानगुटीवर बसलेली असते, आणि घरी अभ्यास काही होत नाही, कारण घरात बसलेली मुलगी दिसली की कोणालाही ताबडतोब चहा हवासा वाटतो.

ही लायब्ररी सुनेची. मुलाची नोकरी रायपूरला, सून इथे इंद्रपुरीत आम्हा दोघांजवळ. तिने स्वतः तीनदा पीएससी दिली, तिन्ही वेळा आमच्या जेवणाच्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. तिसऱ्यांदा थोडक्यात राहिली. मग एक दिवस तिने वरचा मजला रिकामा केला, अठरा टेबलं मांडली आणि बाहेर पाटी लावली की फक्त मुलींसाठी. मला म्हणाली, "आई, मला नाही बसता आलं, आता बाकीच्यांना तरी बसवते." मी तेव्हा शेंगा सोलत होते. डोळ्यांत पाणी आलं तर शेंगांचं नाव सांगता येत नाही, कांदा लागतो. म्हणून उठून आत गेले.

दोन महिन्यांत अठराही खुर्च्या भरल्या. आणि एप्रिल लागला.

एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी वीज जाते. ती कधी जाईल हे ठरलेलं नसलं तरी जाणार हे ठरलेलं असतं. म्हणून सुनेने मोठा इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टर वर, मुलींच्या खोलीबाहेर. त्याच्या दोन जडशीळ बॅटऱ्या खाली, जिन्याखाली, कारण त्या वर चढवायला माणसं तयार नव्हती आणि बॅटरीच्या ॲसिडशेजारी अठरा पोरींना बसवायला आम्ही. खालून वर जायचं म्हणजे केबल लांब, आणि लांब म्हणजे जाड हवं. अंगठ्याएवढं जाड काळं केबल आलं. त्याच्या टोकांना तांब्याचे डोळे बसवतात, म्हणजे एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला भोक असलेली चपटी पट्टी. नळीत केबलच्या तारा घालायच्या, नळी दाबून घट्ट करायची आणि भोकातून बॅटरीचा बोल्ट कसायचा. आमचे हे त्याला लग म्हणतात. बाजारातले मिस्त्री म्हणतात थिंबल.

दुकानातून आलेल्या मिस्त्रीने असे सहा लग केबलच्या टोकांना घातले, जिन्याच्या पायरीवर ठेवले आणि छिन्नी-हातोडीने ठोकले. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला. ठक, ठक, ठक. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पण ते मी नंतर सांगते.

आठव्या दिवशी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टर चालू झाला आणि पाऊण तासाने बंद पडला. जिन्याखाली जळक्या रबराचा वास, एका लगाजवळचं काळं आवरण मेणासारखं ओघळलेलं. मुली घामाघूम होऊन खाली आल्या. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. मिस्त्री आला, म्हणाला, "माताजी, सगळीकडे असंच असतं, लोड कमी करा." लोड कमी करायचा म्हणजे पंखे बंद करायचे. पंखे बंद करायचे म्हणजे लायब्ररी बंद करायची. सुनेने जवाहर चौकातून दुसरा माणूस आणला. त्याच्याकडे दाबायचं हत्यार होतं, पण त्या मापाचे लग नव्हते. त्याने मोठे लग घातले आणि उरलेल्या पोकळीत तारांचे तुकडे कोंबले. चार दिवसांनी तेच.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पाच मुली पुढच्या चौकातल्या दुसऱ्या लायब्ररीत गेल्या. जाताना त्या फार गोड बोलल्या, तेच सुनेला लागलं. भांडून गेल्या असत्या तर परवडलं असतं. बाकीच्या तेरा जणींनी तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली. तीही गोड बोलूनच.

आता तुम्ही विचाराल, यात एवढं अडलं कुठे? घरात आमचे हे होते ना. कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी केबल जोडण्याखेरीज दुसरं काही केलं नाही. मांडीएवढी जाड केबलं जोडली. नव्या भरतीला शिकवलं. अजूनही गल्लीत म्हातारे लोक ह्यांची ओळख करून देताना सांगतात की यांचा जोड कधी गरम होत नसे.

सुनेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "बाबा, तुम्ही का नाही करून देत?"

हे वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले की आता माझ्या हातचा भरवसा नाही, दुसरा मिस्त्री बघ. सुनेला वाटलं वयामुळे म्हणतायत. शहात्तर पूर्ण आहेत, उजवा खांदा दुखतो. तिने पुन्हा विचारलं नाही.

पण ते वय नव्हतं. कारण मी होते.

*

तर आता ती ठक ठक.

आम्ही तेव्हा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मुलगा दहावीला होता. वीज तेव्हाही जायची. ह्यांनी घरीच एक छोटा इन्व्हर्टर जुळवला होता, तो आणि ट्रकची बॅटरी अशी जोडी आमच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. मला ती बॅटरी डोळ्यांसमोर नको होती. काळी, तेलकट, कोपऱ्यात फतकल मारून बसलेली. हे सांगायचे, तिला हात लावायचा नाही, केबल मोजून कापलंय.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. हे बाहेरगावी साईटवर गेले होते, कुठल्याशा वीजघराचं काम होतं, महिनाभर येणार नव्हते. आणि हळदीकुंकवाला कोण येणार होतं तर ह्यांच्या साहेबांची बायको. त्या वेळची मी म्हणजे काय वर्णावी. बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, पडद्याच्या कापडाचीच उशीची खोळ शिवणारी, आणि साहेबांची बायको माझ्या बाहेरच्या खोलीत ट्रकची बॅटरी बघणार या विचाराने दोन रात्री तळमळणारी. आज ती मला भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन आणि मग चहा पाजीन.

मी बॅटरी ओढली. पदर खोचला, पाय भिंतीला लावला आणि ओढली. पडद्यामागे नेली. केबल ताणलं, आणि त्या लगाची मान कट्‌कन मोडली. डोळा बॅटरीच्या बोल्टला राहिला, नळी केबलला राहिली.

शहाणी बाई असती तर तिने शेजारच्या क्वार्टरमधल्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली असती. पण त्याच्या बायकोलाही हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. तेव्हा मी जवाहर चौक गाठला. ह्यांच्या तोंडून मिस्त्री लोकांचा थिंबल हा शब्द मी ऐकलेला होता, आणि इंग्रजी घेतलेल्या बाईला थिंबल म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती. थिंबल म्हणजे अंगुस्तान. शिवताना बोटात घालतात ते. मी सरळ शिवणसामानाच्या दुकानात गेले आणि ऐटीत थिंबल मागितलं. दुकानदाराने विचारलं, "कौन-सी उंगली का, बहनजी?"

मी म्हणाले, "बैटरी का."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग अत्यंत नम्रपणे त्याने दुकानाबाहेर येऊन मला रस्त्यापलीकडचं इलेक्ट्रिकचं दुकान दाखवलं. तिथे मी दोन बोटांमध्ये अंतर धरून माप सांगितलं. अर्थातच चुकीचं.

घरी आले तर लग लहान. केबलच्या टोकाचं आवरण चाकूने सोललं, आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा, शेकड्यांनी. त्या नळीत मावेनात. आता बघा, माणसाचं डोकं जे रोज करतं तेच संकटातही करतं. मला लांब वेणीची सवय होती. मी त्या तारांचे सारखे तीन पेड पाडले, त्यांतला तिसरा पेड मुळापासून कात्रीने कापला, आणि उरलेले दोन पेड पिळून नळीत घातले. कसे अलगद बसले. माझं मलाच धन्य वाटलं.

मग पाट्यावर लग ठेवला आणि बत्त्याने ठोकला. ठक, ठक, ठक. चपटा झाला. पण दिसायला ओबडधोबड, म्हणून सांडशीने त्याच्या कडेला करंजीला घालतात तशी मुरड घातली. खरं सांगते, तशी मुरड मला आजही जमणार नाही. त्यावर काळी टेप गुंडाळली, तिचं टोकही तिरकं कापून बसवलं. हळदीकुंकू छान झालं. साहेबांची बायको आलीच नाही, तिला सर्दी झाली होती.

हे परत आले तेव्हा बॅटरी जागच्या जागी होती आणि मी साळसूद होते.

मार्चमध्ये, मुलाच्या गणिताच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी, तो लग जळला. ठिणग्या उडाल्या, पडद्याने पेट घेतला. ह्यांनी पडदा ओढून पायाने विझवला. कोणाला काही झालं नाही. मुलाने पुढचा अभ्यास कंदिलावर केला आणि गणितात चांगले गुण मिळवून सगळ्यांची तोंडं बंद केली. पण हे ते जळकं टोक हातात घेऊन बसले होते. वितळून गोळा झाला होता, त्यातून काही ओळखू येत नव्हतं. माझी मुरडसुद्धा नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्या हातचा जोड." 

मी कंदिलाची काच पुसत होते. पुसतच राहिले.

त्या रात्री सांगितलं नाही कारण भीती वाटली. दुसऱ्या दिवशी नाही कारण मुलाचा पेपर होता. त्यानंतर का नाही, ते लिहायला मला आज लाज वाटते, पण लिहिते. त्याआधी आमचे हे फार चोख माणूस होते. पोळीची कड जाड राहिली, चादरीला घडी वाकडी पडली, सगळं दिसायचं त्यांना, आणि दिसलं की बोलायचे. त्या मार्चनंतर बोलेनासे झाले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गुपचूप खायचे. स्वतःच्या हातून एवढं झालेला माणूस दुसऱ्याला काय बोलणार? आणि ती पडदेवाली बाई मनात म्हणाली, बरं झालं. ठेवू या असंच थोडे दिवस.

थोडे दिवस म्हणता म्हणता अठ्ठावीस वर्षं झाली.

मधल्या काळात ह्यांनी घरातलं विजेचं काम सोडलं होतं. साधा बल्बचा होल्डर बदलायलाही मिस्त्री यायचा. लग दाबायचं त्यांचं स्वतःचं हत्यार, लांब दांड्यांचं, त्यांनी मेणकापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं. दसऱ्याला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर मांडतात, पक्कड, पाने, पेचकस, माझी शिवणाची कात्रीसुद्धा. ते एक हत्यार कधी खाली आलं नाही. मी दर वर्षी पाटावर फुलं वाहायचे आणि माळ्याकडे बघायचं टाळायचे.

*

सोमवारच्या मुदतीआधीचा शुक्रवार. सून सकाळी फोनवर मुलाशी बोलत होती. तिला वाटलं मी देवघरात आहे. ती सांगत होती की सोमवारपर्यंत झालं नाही तर पाटी काढते, मला नाही जमत बहुतेक काहीच. ते "काहीच" ऐकलं आणि मी बाहेर आले.

हे ओट्यावर चहा घेत होते. मी समोर बसले.

"अहो, दहावीच्या वेळी तो लग जळला होता ना. तो तुमचा नव्हता."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही साईटवर असताना मी बॅटरी ओढली. तुमचा लग मोडला. मी दुसरा आणून बसवला. जळला तो माझा."

पलीकडे कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू झाला आणि थांबला. हे माझ्याकडे बघत होते, पण मला नाही, माझ्या मागे कुठेतरी.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

खलबत्त्याला, असं उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. शपथ घेऊन सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी एक विनोद गिळला. म्हटलं, कोणालाच नाही.

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. चहा तसाच. सुनेने विचारलं बाबा कुठे गेले, तर तिला बसवून सगळं सांगितलं, हळदीकुंकवापासून. ती आधी हसली, अंगुस्तानाशी तर पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, ये तो बहुत गलत किया आपने." ती रागावली की हिंदीत जाते. मी म्हटलं हो.

जेवणाची वेळ टळून गेली. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. त्या तीन-चार तासांत मला माझी सगळी सबबींची माळ आठवत होती आणि एकही मणी धड नव्हता. दीड वाजता हे आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. पाणी प्यायले, खुर्चीत बसले, आणि मग विचारलं,

"तारा कापल्या होत्यास का?"

मी हो म्हटलं.

"किती?"

"मोजल्या नाहीत. वेणीचा एक पेड असतो ना, तेवढ्या."

"तिनातला एक?"

"तिसरा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते पुटपुटत हिशोब करत होते, तांबं किती उरलं, भार किती होता. मग डोळे उघडून म्हणाले, "तिसरा हिस्सा कापलास आणि ठोकून बसवलास, तरी दोन महिने चालला." त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याच्या कडेला काहीतरी वेगळं होतं. मी ह्यांना सत्तेचाळीस वर्षं ओळखते. ते कारागिराचं कुतूहल होतं. मग म्हणाले, "माझा असता तर जळलाच नसता." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मला नाही, स्वतःला.

त्या कागदात नवे लग होते, बरोबर मापाचे, आणि हॅक्सॉचं पातं.

हत्यार माळ्यावरून सुनेने काढलं. दांड्यांवर गंज चढला होता, पण साचे मेणकापडात जसेच्या तसे. ह्यांनी ते रॉकेलने पुसले आणि पहिलं काम मला दिलं. आमच्या घरात कामाची वाटणी अशी कधी झाली नव्हती. म्हणाले, "तेव्हा केलंस तसं करून दाखव." म्हणजे जळक्या केबलच्या उरलेल्या तुकड्यावर, त्यांच्या जुन्या सामानातला एक लहान लग घेऊन, तीन पेड पाडून, एक कापून, बत्त्याने ठोकून. सुनेसमोर. मी म्हटलं हे बरं नाही. ते म्हणाले कर. मी केलं. मुरडसुद्धा घातली.

मग त्यांनी दुसऱ्या तुकड्यावर नवा लग घेतला. केबलचं आवरण नळीच्या लांबीइतकंच सोललं, एक दोरासुद्धा जास्त नाही. आतली एकही तार चाकूने दुखावली नाही ना, ते चष्मा कपाळावर चढवून बघितलं. सगळ्या तारा नळीत घातल्या, एकही बाहेर नाही, नळीही भरलेली, ढिली नाही. हत्याराच्या तोंडात लग धरला आणि दांडे मिटायला लागले. अर्ध्यावर थांबले. खांदा.

सून पुढे झाली आणि तिने एक दांडा धरला. दुसरा त्यांनी. "सावकाश," ते म्हणाले. "झटका नको. पुरणपोळी लाटतेस ना, तसा दाब. सगळीकडून सारखा." तिला पुरणपोळी येत नाही, तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. पण दाब बरोबर दिला. साचा पूर्ण मिटला, लगावर सहा कोनांचा ठसा उमटला. थोडं सरकवून दुसरा दाब.

मग ह्यांनी दोन्ही लग पक्कडीत घट्ट धरून हॅक्सॉने मधोमध कापले, कोबी चिरावा तसे, आणि दोन्ही काप आमच्यापुढे धरले.

त्यांच्या लगाच्या आत तारा दिसतच नव्हत्या. नळी कुठे संपते, तार कुठे सुरू होते, काही कळत नव्हतं. एकसंध तांबं, केशरी पेढा मधून मोडल्यासारखं. आणि माझ्या लगाच्या आत ही एवढी भोकं. एका बाजूला तारा चेंगरलेल्या, दुसऱ्या बाजूला मोकळं रान.

"वा," सून म्हणाली. "अनारसा छान जाळीदार झालाय."

आणि हे हसले. मोठ्याने नाही. खांदा दुखत होता म्हणून तो धरून, पण बराच वेळ. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि मग डोळे चुरचुरतायत म्हणून माझ्यावर खेकसले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खेकसले. मला इतकं हलकं वाटलं की मी धावत जाऊन ओला रुमाल आणला.

*

शनिवारी सकाळी आम्ही तिघं जिन्याखाली बसलो. सहा लग. बॅटऱ्या आधी सोडवून ठेवल्या होत्या. सोलायचं काम ह्यांनी कोणाला दिलं नाही. दाबायला सून आणि ते. प्रत्येक लग झाला की केबल पायाखाली धरून लग ओढून बघायचा, नुसता नाही, जीव खाऊन. "आत्ता निघाला तर चांगलं," ते म्हणाले, "नंतर निघाला तर वाईट." तीन त्यांनी केले, दोन सुनेने, आणि तिच्या दुसऱ्या लगाच्या वेळी ते नुसते बघत उभे राहिले, हात मागे बांधून.

सहावा माझ्याकडे आला.

मी म्हटलं, मला नका देऊ, मुलींचा प्रश्न आहे. ते म्हणाले, म्हणूनच देतोय. तो बॅटरीच्या बाजूचा लग होता, सगळा भार ज्याच्यातून जातो तो. मी तारा हातात घेतल्या आणि, सवय बघा, बोटांनी त्यांचे पेड पाडायला सुरुवात केलीच. ह्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. मग सगळ्या तारा एकत्र, जरा पिळून, नळीत. एक तार बाहेर राहिली होती. पूर्वीची मी असते तर कोणाला न दिसता ती नखाने तोडली असती. मी सगळ्या परत काढल्या आणि पुन्हा घातल्या. सून एका दांड्याला, मी दुसऱ्या. एकाहत्तराव्या वर्षी एवढं बळ लावलं की पाठीतून कुठून तरी आवाज आला, पण साचा मिटला.

ओढून बघायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी, दुखऱ्या खांद्यासकट. मग लग खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक." 

कारखान्यात म्हणे प्रत्येक जोडावर तो करणाऱ्याचा बिल्ला नंबर बांधायची रीत होती. मला हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या सहा चिठ्ठ्या कापल्या, भोकं पाडली, दोरा ओवला. स्वतःच्या तीन लगांवर आपला कारखान्यातला नंबर लिहून बांधला. सुनेच्या दोन्ही लगांवर नंबर एक. माझ्या लगावर नंबर दोन.

मी म्हटलं, घरात मी आधी आले की ती?

"घरात तू," ते म्हणाले. "कामावर ती. तू उशिरा भरती झालीस."

सुनेने विचारलं, बाबा, चिठ्ठ्या कशाला, आपण तिघंच तर आहोत. त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जळला तर कोणाला विचारायचं ते कळलेलं बरं." त्यात टोमणा होता. टोमण्याखाली दुसरं काही होतं की नाही, ते मी विचारलं नाही. मला माझा वाटा मिळाला होता, तो पुरेसा होता.

सोमवारी तेरा मुली आल्या. वीज गेलीच नाही. मंगळवारीही नाही. सून म्हणाली, आता काय देवाला नवस बोलू वीज जाऊ दे म्हणून? बुधवारी दुपारी सव्वादोनला गेली. गल्लीत सगळीकडून एकदम उसासा निघतो तसा निघाला, कूलर थांबले, समोरच्यांच्या टीव्हीवरचा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प झाला. वरती आमच्या पंख्यांचा आवाज जरा खाली गेला आणि पुन्हा वर आला.

आम्ही तिघं जिन्याखाली. हे स्टुलावर. त्यांनी सांगितलं की एक तास हलायचं नाही, दर दहा मिनिटांनी आवरणावरून हात लावून बघायचं, आणि ज्याचा लग त्याने बघायचा. पाऊण तास झाला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी माझ्या लगावर तळहात ठेवला.

"कसा आहे?"

"थंड."

"थंड नसतो. एवढा भार चाललाय, थंड कसा असेल? घाबरून सांगू नकोस. नीट बघून सांग."

मी पुन्हा हात ठेवला आणि डोळे मिटले. खरंच थंड नव्हता.

"कोमट आहे. विरजण लावताना दूध असतं तेवढं."

ह्यांनी स्टूल पुढे सरकवलं, माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा तिथे ठेवला. वरती कोणीतरी खुर्ची सरकवली, पान उलटलं असेल, पेन पडलं असेल. बाकी शांतता.

"हो," ते म्हणाले. "तेवढाच."

आणि हात काढला नाही.